बारा जणांची एक फुंकर

लोहाऱ्याच्या धोंडप्पानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, खिशात बडीशेप. साखर कारखान्यात या गुणाचा कुणाला उपयोग होईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. झाला.

हंगामाच्या मोळीपूजनालाच श्वास तपासायचं यंत्र आलं. त्यालाही हार घातला, फोटो निघाला. ऊस पडतो त्या गव्हाणीवरच्या पाळीत माणसं बारा, नळी एक. उष्ट्या नळीत कोण फुंकणार? नव्या नळ्यांचं पाकीट भांडारात होतं, पण ते सोडवायला सही लागायची आणि सही करणाऱ्याला सवड नव्हती. मग पाळीप्रमुख इंद्रजितसाहेबांनी डोकं लढवलं. सगळ्यांच्या वतीनं धोंडप्पा फुंकणार. यंत्र शून्य दाखवायचं, वहीत बारा नावांपुढं शून्य पडायचं. असा तो कारखाना रोज सकाळी आठ वाजता नशामुक्त व्हायचा.

धोंडप्पानं हे घरी कौतुकानं सांगितलं. बायको सिद्धम्मा म्हणाली, "म्हणजे उपास तुम्ही करायचा अन् पुण्य बाराजणांना, व्हय?"

त्याचं काम साखळीचं. ट्रॉलीतल्या उसाला साखळी अडकवायची, हात वर करायचा, बाजूला व्हायचं. वर क्रेनवर सोमेश. तो दोन टनांची मोळी उचलून धोंडप्पाच्या डोक्यावरून गव्हाणीत टाकायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी सोमेश शिडीची पहिली पायरी तीनदा चुकला. सगळ्यांनी पाहिलं.

"धोंडप्पा, फुंका लवकर. ट्रॉल्या खोळंबल्यात," इंद्रजितसाहेब म्हणाले.

"माझं फुंकतो, साहेब. सोमेशचं न्हाय."

"अण्णा, क्रेन मला झोपेतबी येतीया," सोमेश म्हणाला.

"झोपेतच आलाईस की. त्या मोळीखाली मी असतो."

मागून कुणीतरी बोललं, "दोन महिने फुंकलं, तवा कुठं होतं हे शहाणपण?"

खरंच फुंकलं होतं धोंडप्पानं.

साहेब चिडले. "आणा इकडं. मीच फुंकतो सगळ्यांचं."

फुंकले. यंत्र केकाटलं. लाल दिवा लागला. कुणी हसलं नाही. नोकरी सगळ्यांनाच होती.

"बिघडलंय," साहेब म्हणाले. "दुरुस्तीला टाका. सोमेश, चढ वर."

धोंडप्पा रिकाम्या ट्रॉलीच्या दांडीवर जाऊन बसला. "खुशाल चालवा. साखळी दुसऱ्यानं लावावी."

"कोण लावतंय?" साहेबांनी विचारलं.

यंत्र बिघडलंय, हे सगळ्यांना पटलं होतं. फक्त मोळीखाली कुणी जाईना. एकाची कंबर धरली. एकाला तंबाखू मळायची होती. एकजण स्वतःच्या चपलेकडं बघत राहिला. यांना सगळं ठाऊक होतं, रोज ठाऊक होतं. खाली उभा राहणारा आपण नाही, एवढंच त्यांना पुरत होतं. धोंडप्पाला ते तिथं बसल्या बसल्या कळलं.

शेवटी सोमेशला पाचटावर झोपवलं. दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला येईपर्यंत अकरा वाजले. वहीत कारण पडलं, यांत्रिक बिघाड. बारा नावांपुढं शून्य होतंच.

दुसऱ्या दिवशी नळ्यांचं पाकीट आलं. सहीला सवड मिळाली होती. यंत्रही साहेबांच्या कपाटातल्या कपाटात दुरुस्त झालं होतं.

धोंडप्पानं आपली नळी उघडली आणि एकट्यापुरतं फुंकलं. मग सोमेशनं फुंकून होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. आकडा स्वतः वाचला. त्यानंतर साखळी उचलली.