घशाखाली उतरणारं दूध

मुंबईला घशावरचे किरणांचे उपचार संपवून आम्ही गावी, हातखंब्याला उतरलो, तेव्हा माझ्या नवऱ्याला पाण्याचा घोटही टोचत होता. तो जन्मभर जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. सगळ्या खलाशांना जेवू घालणारा माणूस, पण आता त्याच्या जिभेला मीठ कुठलं आणि साखर कुठली तेही कळेना. तोंडात लाळ म्हणून उरली नव्हती. पातळ पदार्थच द्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सासूबाई लगेच शेजाऱ्यांकडून गाईचं दूध घेऊन आल्या. ते त्याच्या तोंडात नुसतं चिकटून बसे. खाकरून खाकरून तो रडकुंडीला येई.

"हे नको," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नारळाचं करून बघ."

त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. सोलकढीला काढते तसा रस काढून दिला. एक घोट घेऊन त्याने पेला बाजूला सारला. रस दाट होता आणि त्यात चोथ्याचा कण राहिला होता. तो कण घशाला लागला तसा तो भिंतीला हात टेकून कितीतरी वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून तो बसला आणि थांबत थांबत सांगू लागला. खवताना करवंटीजवळचं काळं येऊ देऊ नको. पाणी कोमट घे, कढत नको. पहिला दाट रस तुमच्या आमटीला ठेव. तोच चोथा परत वाटून जे निघेल ते मला दे. पंचा दुहेरी करून गाळ. गॅसवर ठेवू नको, फाटेल.

ते पांढरं पाणी त्याच्या घशाखाली उतरलं. अर्धा पेला प्यायला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दिवसांतलं मला आठवणारं सुख तेवढंच.

उकाड्यात ते दुपारपर्यंतही टिकत नसे, म्हणून दर वेळी ताजं काढावं लागे. मनगटं भरून यायची. मधूनमधून काजूगर भिजवून त्यांचंही दूध करून पाहिलं, पण ते त्याला जड जाई. त्याचे सदरे दिवसेंदिवस अंगावर लोंबू लागले. पोटात नळी घालून घ्या, असं डॉक्टर सांगत होते. तो ऐकेना.

"तोंडाने जाईल तेवढंच जाईल," म्हणायचा.

सासूबाई उंबऱ्यात बसून माझं गाळणं बघत. "ह्या पाण्यावर माणूस कसा उभा ऱ्हायल गो?" त्या विचारत. "गाईच्या दुधावर वाढवलाय मी त्याला." मी पंचा पिळत राही. पाणी ते पाणीच, हे मलाही दिसत होतं.

एकदा मी औषधं आणायला बाजारात गेले होते. परत आले तर तो खाटेवर वाकून खोकत होता, ओठ काळेनिळे पडलेले. सासूबाईंच्या हातात वाटी होती. साय घातलेलं गाईचं दूध त्यांनी त्याला पाजलं होतं. आईने आर्जव केलं म्हणून तो प्यायला होता.

दूध फुप्फुसात उतरलं होतं. दवाखान्यात त्याच्या तोंडावर ऑक्सिजन लावला आणि नाकातून नळी घातली. बोलता येत नव्हतं. आई समोर आली की तो पाची बोटं जुळवून तोंडाकडे न्यायचा, म्हणजे जेवलीस का. त्या मान डोलवायच्या, पण जेवलेल्या नसायच्या. आठवडाभरात तो गेला.

मी डॉक्टरांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "त्यांचं गिळणंच गेलं होतं. नारळाचं दूध असतं तरी आज ना उद्या हेच झालं असतं."

घरी आल्यावर मी हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. हात थांबले.

"असं डॉक्टर बोलला, का तू बोलतंयस?"

"डॉक्टर बोलले, आई."

त्यांनी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

पुढे आम्ही दोघी त्या घरात राहिलो. बोलणं कामापुरतं. मी त्यांना एकदाही काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं का, कोण जाणे. दिवाळीनंतर नणंद आली आणि त्यांना दापोलीला घेऊन गेली. एसटीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता फोन असतो. काय रांधलंस, त्या विचारतात. मी काहीतरी सांगते. मीही त्यांना तेच विचारते. त्या दिवसभर अंगणातल्या बाकड्यावर बसून असतात, असं नणंद सांगते. परत या, असं मी म्हटलंय त्यांना. त्या नुसतं "बघूया" म्हणतात, आणि मला सुटल्यासारखं वाटतं.