नानांनी न फोडलेला दगड

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. धुळ्यात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो; भिंगाखाली दिसत नाही ते नाहीच, हा माझा माज. तो कसा उतरला ते सांगतो...

पिंपळनेरजवळच्या खेड्यातले नाना, सत्तरीचे, फडक्यात काळा दगड बांधून डिपार्टमेंटला आले. भर दुपारी खळ्यात पडला म्हणाले. मुठीएवढा, चहूबाजूंनी काळं कवच, कुठे तडासुद्धा नाही.

"बठ्ठा गाव माले खोटा म्हनस, सर. तुम्ही सांगा, हाऊ वरून पडना ना?"

मी लोहचुंबक लावलं. आभाळातून पडलेल्या दगडांना ते बहुधा खटकन चिकटतं. इथे जेमतेम ओढ.

"वीटभट्टीचा जळका तुकडा आहे हा, नाना."

नाना उठले नाहीत. कवचावर बोट टेकवून म्हणाले, "आत खसखससारखा पांढरा दाना शेतस. आठे एक मोठा शे, त्याना भवती काळं कडं."

"फोडून बघितला?"

"नई. दिखस माले."

मी हसलो. त्यांच्या गावच्या सरपंचांचा फोन आला, त्यांनाही हसतच सांगितलं — भट्टीचा तुकडा. पारावर म्हाताऱ्याचं नाव 'आभाळनाना' पडलं, हे मला फार उशिरा कळलं.

वर्षभरात नाना गेले. त्यांच्या सूनबाई तोच दगड घेऊन आल्या. "जाताजाता सांगी गयात, सरलेच द्या."

लाज वाटली, म्हणून कापायला घेतला. आत कोळशासारखा काळा... आणि त्यात खसखशीएवढे पांढरे दाणे. नानांनी बोट टेकवलं होतं, बरोबर त्याच्या खाली एक मोठा दाणा, भोवती बारीक काळं कडं. मी मशीन बंद करून तिथेच खाली बसलो.

बाहेरच्या प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं — दगड आभाळातूनच पडलेला, अशनी; कार्बोनेशियस कॉन्ड्राइट, गट सीएम-टू. या गटात सुटं लोखंड नसल्यातच जमा, चुंबक चिकटणार कसं? दरवर्षी हे मीच फळ्यावर लिहितो! नानांसमोर मात्र आठवलं नाही. धोतर-टोपी पाहिली आणि निकाल देऊन मोकळा झालो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

अहवालात सगळं वर्णन केलं — कवच, दाणे, कडं. न फोडता नानांना ते दिसलं होतं, एवढं मात्र लिहिलं नाही.

अहवाल द्यायला नानांच्या गावी गेलो. सूनबाईंनी कागद उलटसुलट पाहिले.

"यामा लिखेल शे का सर, नाना खोटा नव्हतात?"

मी चारही पानं पुन्हा चाळली. तेवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं.