शेंदरीवरचा उजेड

डोळा लागतोयही आणि लागत नाहीयेही. शनिवारची दुपार आहे, आमटीभात अंगावर आलाय आणि मी हॉलमधल्या दिवाणावर कुशीवर पडलेय. समोर भालूमामाची खाऱ्या पाण्याची टाकी. पंपाची गुणगुण कधी कानात येते, कधी निसटते.

भालूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. जन्मभर नाटकांना दिवे करत फिरला आणि फिरणं थांबल्यावर सांगलीच्या घरात त्याने ही टाकी मांडली. आत रंगीत मासे दोनच, बाकी सगळे प्रवाळ. लोकांना ती फुलं वाटायची. मामा म्हणायचा, "फुलं नव्हेत ती, प्राणी आहेत. हळू बोला." गेल्या वर्षी मामा गेला. वत्सलामामी लेकीकडे बेळगावला राहायला गेली आणि टाकी माझ्याकडे मिरजेला आली.

उद्या मामी ती बघायला येणार आहे. आणि टाकीतले रंग गेलेत. हिरवे प्रवाळ ताकासारखे झालेत, जांभळे राखेसारखे. मधल्या खडकावर नारिंगी बटणांसारख्या प्रवाळांचा एक झुबका आहे, मामीने त्याचं नाव शेंदरी ठेवलं होतं. तो आता धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखा दिसतो.

"उजू, जरा सरक बघू."

मी पाय आखडून घेते. मामा दिवाणाच्या कडेवर टेकतो. अंगात तोच काळा शर्ट, प्रयोगाच्या वेळी अंधारात दिसू नये म्हणून घालायचा तो. तो गेलाय हे मला ठाऊक आहे. कृष्णेच्या घाटावर मी होते. पण हे बोलून दाखवायची काही गरज वाटत नाही.

"चहा टाकू, मामा?"

"टाक. नाही, थांब. आधी हिला बघू दे." तो काचेला नाक लावतो. "काय काय केलंस?"

"सगळं केलं. मीठ मोजलं, बरोबर आहे. पाणी तापलेलं नाही. रंग फिकट वाटायला लागले म्हणून पुण्याहून नवा दिवा आणला, जुन्यापेक्षा पुष्कळ प्रखर. तरी उतरतच चालले. मग पाणी घाण असेल म्हणून गाळणीत ती घाण शोषणाऱ्या तांबूस दाण्यांची पिशवी टाकली. आता पाणी बघ की, कसं काचेसारखं आहे."

"आहे खरं," मामा म्हणतो. "चल, लांबून बघू."

आम्ही उठतो आणि नाट्यगृहाच्या विंगेत उभे असतो. पायाखाली फळ्या करकरतात. टाकी रंगमंचाच्या मधोमध आहे, तिच्यावर माझा नवा दिवा असा काही पेटलाय की डोळे मिटावेत. समोर रिकाम्या खुर्च्या. पहिल्या रांगेत एकटी मामी बसलीय, मांडीवर शेंगांची पुडी, आणि तिने डोळ्यांवर हात आडवा धरलाय.

"पाहिलंस?" मामा हळूच म्हणतो. "नट नवखा असला की तो म्हणतो, भालूकाका, अजून उजेड टाका माझ्यावर. टाकला की चेहरा पांढरा फटक. नाक नाही, डोळे नाहीत."

"म्हणजे दिव्यानेच झालं?"

"ह्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, बाळा. रंग पुष्कळसा त्याचाच, निम्मंअधिक जेवणही तेच देतं. फार भाजलं की ते घर सोडून जातं."

"मग मेले का रे हे?"

"रात्री बोटं बाहेर काढतात?"

"काढतात. थोडी थोडी."

"मग कसले मेलेत! हे धर."

तो माझ्या हातात एक दोर देतो. दोर वर अंधारात गेलाय, वरच्या आडव्या दांडीला दिवा टांगलाय. "ओढ. सावकाश. एकदम नको, त्यांनाही कळायला हवं." मी ओढते. काथ्याचा दोर खरखरीत आहे आणि दिवा जड आहे. तो चढत जातो, उजेड पसरत जातो, पातळ होतो. खुर्च्यांमध्ये पाणी भरतंय. मामीच्या पायांवरून एक छोटा मासा जातो आणि ती पाय वर घेऊन शेंगा सोलत राहते. तिने डोळ्यांवरचा हात काढलाय.

"बास," मामा म्हणतो. "आता दिसली बघ."

शेंदरी अजून फिकटच आहे. पण तिच्या कडा दिसतायत.

"पण मामा, रंग आधीच उतरायला लागले होते. नवा दिवा नंतर आला."

मामा माझ्याकडे बघतो. आम्ही सांगलीच्या स्वयंपाकघरात आहोत आणि गॅसवर चहा उकळतोय. "हुशार आहेस," तो म्हणतो. "खायला कोण घालतं त्यांना?"

"माशांना मी घालते. चिमूटभर. पाणी खराब होऊ नये म्हणून."

"आणि प्रवाळांना?"

"त्यांना वेगळं लागतं?"

मामा मोठ्याने हसतो, त्याचं ते खोकल्यात संपणारं हसू. पण खोकला येत नाही. "मला काय विचारतेस? मी दिव्यांचा माणूस. तिला विचार ना."

"उद्या येतेय ती. मला भीती वाटते रे. तिला बघवणार नाही."

"तिला?" मामा दोन कपांत चहा ओततो आणि एक कप माझ्याकडे सरकवतो. "वत्सलाने माझे सगळे पडलेले प्रयोग बघितलेत."

मी कप उचलते. कपात पंपाची गुणगुण ऐकू येते.

दिवाणावर ऊन आलंय. मी उठून बसते आणि काही विचार न करता मामीला फोन लावते.

"मामी, तुला आधीच सांगते. टाकीतले रंग उतरलेत. शेंदरीसुद्धा. मी फार खटपट केली गं."

"अगं, एवढंच ना? मला वाटलं काय झालं! यांच्या हातूनही गेले होते की एकदा. कोळंबी घालतेस ना?"

"कोळंबी?"

"बारीक किसून, पाण्यात कालवून, ड्रॉपरने. आठवड्यातून दोनदा. मी जन्माची शाकाहारी, पण त्यांच्यासाठी वेगळी किसणी ठेवली होती. यांनी सांगितलं नव्हतं तुला? नसेलच. दिवे ते बघायचे, खाणं माझ्याकडे. म्हणजे वर्षभर उपाशी ठेवलंस का गं लेकरांना?"

ती हसते. मीही हसते, आणि हसता हसता डोळे पुसते.

"यांच्यासारखी ती दाण्यांची पिशवी टाकलीयस का काही? काढ बघू आजच. नुसत्या स्वच्छ पाण्यावर कोण जगतं? मी किसणी घेऊन येते. दोन दिवस राहीनच म्हणते."

"राहा गं. कितीही राहा."

फोन ठेवून मी गाळणीतली पिशवी काढते. नव्या दिव्याचं बटण फिरवून उजेड थोडासाच खाली आणते. एकदम नको. टाकीत निळसर सावली पसरते आणि शेंदरीचं एक बटण, कडेचं, हळूच उघडतं.

हात धुवायला मोरीत जाते तेव्हा उजवा तळवा चुरचुरतो. नळाखाली धरण्याआधी बघते. तळव्यावर एक लाल आडवा वळ आहे, आणि त्यात रुतलेला काथ्याचा एक बारीकसा धागा. मी नळ उघडत नाही.