टोन बोटांत असतो

सोल्डरचा धूर नाकात गेला की जयनगरच्या घरातली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवते. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, इलेक्ट्रिक गिटारचा मानेजवळचा, तारांचं कंपन पकडणारा पिकअप पातळ, पोकळ वाजायचा. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. पिकअप उघडून आतल्या दोन कॉइल एकीपुढे एक जोडल्या, त्यात बोट भाजलं, पण आवाज साजूक तुपासारखा दाट झाला. संध्याकाळी त्याच्या बँडची पोरं ऐकून थक्क झाली. "कसं जमवलंस?" एकाने विचारलं. "टोन बोटांत असतो रे," अण्णा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघताच, कानडी ढंगात, "अगं, स्वल्प कॉफी आण सगळ्यांना." मी आणली. परवा तेच वाक्य तो आपल्या मुलाला शिकवत होता. मी कॉफीचा कप त्याच्यापुढे आदळला. माझ्या बोटावरच्या पांढऱ्या डागाबद्दल त्याने आजवर विचारलेलं नाही.