आयोवातले बूट आणि जाफरभाई

निवडणूक कुठलीही असो, कोण जिंकणार ते जाफरभाई आधीच सांगतात, ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती. पण नुसती पसरवून भागत नाही, टिकवायलाही लागते, आणि दापोलीकडच्या आपल्या गावचे सगळे सरपंच त्यांनी कतारमध्ये, दोह्यात बसून बिनचूक सांगितले होते. शुक्रवारची नमाज झाली की अल मन्सूरातल्या एका चहाच्या हॉटेलात त्यांची बैठक बसायची. एसीच्या झोताखालची खुर्ची त्यांची. ती दुसऱ्या कुणी बळकावली तर अंदाज मिळणार नाही, खलास.

पद्धत अगदी साधी. गावात निवडणूक आली की प्रत्येक उमेदवार जेवण घालतो आणि लोक प्रत्येकाकडे जेवतात, त्यामुळे तोंडावरून काही कळत नाही. बघायच्या त्या दाराबाहेरच्या चपला. जो मनापासून आलाय तो चपला आत भिंतीपर्यंत सरकवतो. ज्याचं मत दुसरीकडे आहे तो त्या पायरीपाशी, रस्त्याकडे तोंड करून काढतो, म्हणजे हात धुतले की पसार. पुतण्याने गावाहून फोटो पाठवायचे आणि जाफरभाईंनी निकाल द्यायचा. मोबाईल दुरुस्तीवाला फुजैल याला चपलाशास्त्र म्हणायचा, पण ऐकायला पहिला यायचा तोच.

त्या जानेवारीत फुजैलने खोडी काढली. म्हणाला, दापोली पुरे झाली, आता आयोवाचं सांगा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायला सुरुवात होते ती या राज्यातून. ऐन थंडीत लोक शाळेत नाही तर चर्चमध्ये जमतात आणि कोण हवा ते सांगतात. एका पक्षात पाच-सहा जण उभे होते. सगळी बैठक जाफरभाईंकडे बघायला लागली, आणि जाफरभाई पहिल्यांदाच चहाच्या पेल्यात बघायला लागले.

कारण आयोवात त्यांची उजमा होती.

उजमा त्यांची एकुलती एक लेक. शिकायला अमेरिकेला जायचं म्हणाली, तेव्हा जाफरभाईंनी जीभ सैल सोडली होती: "गेलीस तर मला फोन करू नकोस." पोरगी बापावर गेलेली. गेली, आणि फोन केला नाही. आईला रोज करायची, बापाला कधीच नाही. आता माघार कोणी घ्यायची? हा माणूस लुसैलच्या ऑफिसात साहेबासमोर दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणतो, पण पोटच्या पोरीपुढे म्हटलं की घशात काटा अडकतो. बायको, अनीसा, दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवून कंटाळली होती.

तर फुजैलने मुद्दाम विचारलं की सहज, अल्ला जाणे, पण जाफरभाईंना फोन करायला कारण मिळालं. घरी आल्या आल्या त्यांनी लेकीशी बोलत असलेल्या अनीसाच्या हातातला फोन घेतला आणि हॅलो न म्हणता विचारलं, तिकडे उमेदवारांच्या बैठकी कुठे होतात.

 उजमा नेहमीसारखं इंग्रजीत सांगायला लागली. ती ज्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी भाड्याने राहत होती, त्यांच्याच दिवाणखान्यात एका उमेदवाराच्या बैठकी व्हायच्या. बाहेर बर्फ, म्हणून सगळे बूट दारात काढायचे. जाफरभाईंनी फोटो मागवला. काय सांगू! सगळे बूट भिंतीला नाक लावून, एकमेकांना चिकटून उभे. एकाचंही तोंड दाराकडे नाही. अशी लाट दापोलीत कुणाच्या बापाने बघितली नव्हती.

मग रोज संध्याकाळी फोन. आज बूट कसे आहेत? बर्फ किती लागलाय त्यांना? तळवे ओले आहेत का? ती थंडीने गारठलीय का, हे विचारायची ही त्यांची तऱ्हा. तू जेवलीस का, एवढे तीन शब्द त्यांना जमेनात, आणि शेजारी बसलेली अनीसा कपाळाला हात लावायची. शुक्रवारी त्यांनी छाती फुगवून जाहीर केलं, की तो उमेदवार आयोवा जिंकला, यल्ला, चला, पेढे आणा.

तो खालून पहिला आला.

पुढच्या शुक्रवारी एसीच्या खुर्चीत फुजैल बसला होता. सगळे पोट धरून हसले, कुणीतरी स्वतःच्या चपला उचलून जाफरभाईंसमोर धरल्या. जाफरभाई चहा टाकून घरी आले. खुर्ची गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला. पण आतून खरं कुरतडत होतं ते वेगळंच: आयोवा संपलं. आता पोरीला फोन करायचा तो कशासाठी?

तेवढ्यात फोन वाजला. अनीसाचा नाही, त्यांचा. उजमा होती, आणि बोलत होती मराठीत. लहानपणापासून ती मराठीत बोलायची ती फक्त भांडायला.

"अब्बा, ते बूट मी लावायचे."

"म्हणजे?"

"लोक कसेही फेकून आत जायचे. मी मागून सरळ लावून ठेवायचे. आपल्याकडे तुमचे पाहुणे आले की नाही का लावायची मी? सवयच लागलीय."

जाफरभाईंचं डोकं फिरलं. सगळ्या अल मन्सूरात शोभा झाली होती. "मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फोन केला असतात तुम्ही?"

स्वयंपाकघरात अनीसाने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. जाफरभाईंनी दोनदा घसा खाकरला.

"आता पुढच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात आहे म्हणतात निवडणूक," ते म्हणाले. "तिकडे कोण आहे तुझ्या ओळखीचं?"

"कोणी नाही."

"मग खड्ड्यात गेलं ते राज्य," जाफरभाई म्हणाले. "तू जेवलीस का?"