तिसरं उद्घाटन

अकोल्याच्या कॉलेजात मी संशोधन करत होते, तेव्हा आमच्या एकाच खोलीचं तीनदा उद्घाटन झालं. आधी ती प्रयोगशाळा होती, मग संशोधन कक्ष, शेवटी उत्कृष्टता केंद्र. टेबलं तीच, गळका नळही तोच. आमच्या विभागप्रमुख सरांना फीत कापण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मी शिकत होते ते नेमकं उलटं. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला डीएनएची नक्कल करावी लागते. त्यासाठी काही प्रथिनं डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात आणि त्याचे धागे उलगडणारं यंत्र तिथे चढवतात. काम सुरू झालं की यीस्टची पेशी त्यातलं एक प्रथिन मोडूनच टाकते, म्हणजे त्याच फेरीत दुसऱ्यांदा सुरुवात होत नाही. यीस्टला एवढी अक्कल आहे.

तेच प्रथिन मी आठ महिने खपून शुद्ध केलं होतं. डीप फ्रीझरमध्ये इवल्याशा वीस नळ्या. फेलोशिपचा शेवटचा महिना होता आणि पीएचडीसाठी एकच प्रयोग उरला होता.

तिसरं उद्घाटन सरांनी मे महिन्यात ठेवलं. अमरावतीहून पाहुणे येणार म्हणून सकाळीच खोलीत कूलर लावला. मी बाई, म्हणून मला बाहेर रांगोळीला बसवलं.

संध्याकाळी भाषणं संपल्यावर सर म्हणाले, "दाखवा पाहुण्यांना आपलं प्रोटीन." मी फ्रीझर उघडला. चपलेवर पाणी सांडलं. नळ्या डब्यात तरंगत होत्या. फ्रीझरचा प्लग काढून तिथे कूलर लावला होता. पाहुण्यांनी वाकून पाहिलं, "छान" म्हणाले आणि आलूबोंडा उचलला.

"कावून रडून राहिल्या, बाई?" सर नंतर म्हणाले. "पावन्याले गरम होऊन राहिलं होतं. बर्फ तं पुन्हा जमते!"

बर्फ जमला. त्या प्रथिनाने ते यंत्र डीएनएवर चढवलंच नाही. फेलोशिप संपली, पीएचडी राहिली ती राहिलीच. आता अमरावतीत अकरावीला शिकवते.

गेल्या वर्षी त्या खोलीच्या चौथ्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. तिरमिरीतच गेले. भिंतीवर तिसऱ्या उद्घाटनाचा फोटो फ्रेम करून लावलेला. सर कौतुकाने म्हणाले, "पाहा, तुमीबी हाय याच्यात."

मी फोटोतल्या त्यांच्या बुटाजवळ बोट ठेवलं. "आणि हा फ्रीझरचा प्लग."

त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.

"कोनता प्लग?"