पाय वंदनाताईचे, मान बाकीच्यांचा

आमच्या आयसीयूत पेशंटच्या गळ्यात नळी असते, त्यामुळे बोलायचं काम आपोआप बाकीच्यांवर येतं. आणि बाकीचे एकदा बोलायला लागले की किस्से सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांसारखे साचतात. संध्याकाळी आवरून टाकावेत, तर सकाळी तेवढेच! हे सगळे वंदनाताईच्या एकाच आठवड्यातले. ऐकताना मी जळते आहे असं वाटलं, तर बरोबर वाटलं.

*

मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळच्या एका हॉस्पिटलात मला लागून चार महिने झालेत. श्वासाच्या मशीनवरच्या पेशंटला नुसतं पाडून ठेवलं तर आठवड्याभरात त्याच्या पायांच्या काड्या होतात. म्हणून त्याला मशीन चालू असतानाच बसवायचं, जमलं तर उभं करायचं; याला आम्ही मोबिलायझेशन म्हणतो. हे मी आमच्या मोठ्या सरांना सांगायला गेले.

"अगं, मशीनवरच्या माणसानं पडून राहायचं असतं. तीस वर्षं मी माणसं झोपवून बरी केली."

"बरी केली सर. पण चालायला किती दिवसांनी लागली, ते कधी विचारलं?"

आमच्या सुलभा सिस्टरच्या हातातला ट्रे वाजला. सरांनी चष्मा पुसून परत चढवला.

"एक पेशंट घे. दारव्ह्याकडची ती वंदना. शनिवारच्या राऊंडला माझ्यासमोर उभी कर. नाही तर तुझं मोबिलायझेशन खाली ओपीडीतल्या गुडघ्यांवर!"

वंदनाताईचं वय पस्तिशीचं. न्यूमोनिया झालेला, बारा दिवस मशीनवर. गळ्यात भोक पाडून नळी घातलेली, म्हणून आवाज नाही. कपाशीत दिवसभर राबणाऱ्या बाईला आता स्वतःची टाच उचलता येत नव्हती.

*

सोमवारी मी पाऊण तास तिच्या उजव्या गुडघ्याशी झटले. "ताई, वाकवा. अजून एकदा. प्रयत्न करा." ताई छताकडे बघत राहिली.

तेवढ्यात सुलभा सिस्टर आली. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली, मोबिलायझेशनचं स्पेलिंग विचाराल तर रागावेल.

"सरकव माय पाय, चादर बदलून राह्यली मी."

पाय वाकला! आपोआप! सिस्टरनं चादर ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, तू लय इनंती करतं."

मी साडेचार वर्षं शिकले. चादर बदलणं सिलॅबसमध्ये नव्हतं.

*

मंगळवारी दुसरीच अडचण. तिला बसवायला लागलं की मशीनची नळी गळ्याशी ताणली जायची. सरांनी जनरेटर दुरुस्तीला आलेल्या जमीलभाईंना सहज विचारलं. जमीलभाईंचं ट्रकचं गॅरेज आहे.

त्यांनी डोकं तिरकं करून नळीकडे पाहिलं. "मॅडम, सायलेन्सर लटकतो ना, तसाच झोल हाये हा."

दुपारी ते लोखंडी दांडा वाकवून, त्याला रबराचा हूक लावून घेऊन आले. पलंगाला कसला. नळी हलकी झाली, ताई चार जणांच्या आधारानं पहिल्यांदा बसली. सरांनी जमीलभाईंचा हात हातात घेऊन दाबला. चहा मागवला. वॉर्डात सगळ्यांना बोलावून दांडा दाखवला.

माझ्या हाताला त्या दिवशी फक्त सॅनिटायझर मिळालं.

*

खरी आग लागली बुधवारी. वंदनाताईला भेटायला तिचे भासरे आले, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पांढरा सदरा, टोपी. घरात शिरताना बायकांना कळावं म्हणून थोरला माणूस दारात खाकरतो, तसे ते आयसीयूच्या दारात खाकरले.

माझ्या डोळ्यांदेखत वंदनाताईनं चादर डोक्यावर ओढली, कोपर टेकवलं, आणि पाय पलंगाखाली सोडून बसली. एकटी! भासऱ्यांसमोर पाय पसरून पडायचं नाही ना!

मी दोन दिवस घसा कोरडा केला, आणि ह्या गृहस्थानं तो फक्त साफ केला!

"आमच्या घरची सून हाये," भासरे मला म्हणाले. "वळण हाये तिले."

"स्नायू पण आहेत, काका," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

*

आता शनिवार जवळ. काय करणार? गुरुवारी सकाळीच मी लाज गुंडाळून ठेवून भासऱ्यांना फोन केला. "काका, रोज अकराला याल का? खाकरायला."

आले. पावणेअकरालाच! ती बसायची, पण उभं राहायला गेली की गुडघे दुमडायचे. आणि हे दारातून हलायचे नाहीत. सोयाबीनचा भाव, पोरांची शिक्षणं, सगळं दारातच. ते उभे आहेत तोवर ताई आडवी व्हायची नाही. मांड्या लटलट कापायच्या, कपाळावर घाम.

"ताई, झोपा आता."

मान हलायची, नाही.

"काका, तुम्ही निघा ना!"

"काहून? चांगली तं बसली हाये."

शुक्रवारी शेजारच्या पेशंटचा मुलगा हात जोडून त्यांच्याकडे आला. "काका, आमच्या बाबाले बी एकडाव खाकरून द्या ना!"

आणि काकांनी दिलं! मी चार महिन्यांपासून इथे आहे, मला अजून कोणी हात जोडलेले नाहीत.

*

शनिवार. सर राऊंडला आले. सुलभा सिस्टरनं भासऱ्यांना आधीच बोलावून ठेवलेलं, मला न विचारता! ते दारात उभे राहिले आणि खाकरले.

वंदनाताईनं दाराकडे पाहिलं. मग दोन्ही पाय सरळ केले. लांबच लांब, तळवे थेट दाराकडे.

भासरे पुन्हा खाकरले. तिनं छातीवरची चादर आणखी खाली ढकलली.

"बिघडली का काय हे?" सिस्टरनं मॉनिटर पाहिला. सगळे आकडे ठीक.

सरांनी घड्याळ पाहिलं. "झालं तुझं?"

मी पुढे झाले. "दोन मिनिटं द्या, सर. काका, तुम्ही बाहेर बसा."

"मी गेलो तं ते उठनच नाही!"

"बसा म्हटलं ना बाहेर!"

दार लागलं. वंदनाताईनं एकेक करून पाय खाली सोडले. मी हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. मग मी नुसता तिच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा धरला. तिनं गादीवर तळवे रोवले, पुढे वाकली आणि उठली. गुडघे थरथरले, दुमडता दुमडता राहिले आणि ताठ झाले. मागे मशीन आपलं श्वास देतच होतं.

"अरे!" सर म्हणाले. एवढंच.

मी सेकंद मोजायला लागले. सातवर तिनं हनुवटीनं दाराकडे खूण केली.

"कायले माय?" सिस्टर म्हणाली.

तिनं पुन्हा खूण केली. सिस्टरनं दार उघडलं.

समोरच्या बाकावर भासरे मांडी घालून बसलेले, पाण्याची बाटली तोंडाला. वंदनाताई उघड्या डोक्यानं, सरळ त्यांच्याकडे बघत उभी.

भासऱ्यांनी बाटली खाली ठेवली, मांडी सोडली, टोपी नीट केली आणि उठून उभे राहिले.